लेझर क्लॅडिंगचा पावडर फीडर बनवताय? या चुका टाळा

लेझरने धातूची पावडर वितळवून दुसऱ्या धातूवर थर चढवणं म्हणजे लेझर क्लॅडिंग. हा थर कुठे जाड, कुठे पातळ आला की आधी लेझरवर संशय जातो. पॉवर मोजतात, लेन्स पुसतात. हॉपरकडे, म्हणजे पावडर साठवणाऱ्या डब्याकडे, सगळ्यांत शेवटी लक्ष जातं, आणि खोट बऱ्याचदा तिथेच निघते.

सगळ्यांत जास्त छळते ती दाबाची चूक. डिस्क फीडरमध्ये हॉपरमधली पावडर फिरत्या डिस्कच्या खाचेत पडते आणि पुढे आर्गॉन वायू ती उचलून नळीत नेतो. त्यासाठी हॉपर आणि डिस्कची पेटी यांतला दाब सारखा हवा, म्हणून दोन्हींना जोडणारी एक बारीक नळी द्यावीच लागते. ती विसरली, किंवा झाकणाची ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) गळत असली, की आर्गॉन पावडरच्या थरातून उलटा वर चढतो. खाच अर्धवट भरते, प्रवाह धक्के देत येतो. पावडर ओतताना ओ-रिंगच्या बैठकीवर सांडलेले चार कणही एवढ्या गळतीला पुरतात. म्हणून भरायचं तोंड बैठकीपासून उंच ठेवा. तपासायचं तर बाहेरची वाट बंद करून दाब भरा, व्हॉल्व्ह मिटा आणि गेज उतरतो का ते बघा.

धक्के थांबवायला गॅस वाढवणं हा आवडता उपाय, आणि तो चुकीचा. कण जोरात आदळून उडतात, वितळलेल्या धातूत कमी रुजतात, पावडर सोडणाऱ्या नोझलखालचा झोतही फाकतो.

धक्क्याचा उगम शोधायला थरच वाचावा. नोझलचा वेग सेकंदाला १० मिमी आणि उंचवटे दर १०० मिमीवर येत असतील, तर आवर्तन १० सेकंदांचं. डिस्क मिनिटाला ६ फेरे घेत असेल, तर डिस्क वाकडी फिरतेय किंवा खाच एका जागी झिजलीय. अंतर हॉपरमधली पावडर हलवणाऱ्या ढवळणीच्या फेऱ्याशी जुळलं, तर दोष ढवळणीचा. हॉपरखालच्या, वजन मोजणाऱ्या लोडसेलवर विसंबू नका. तो मिनिटाची सरासरी चोख दाखवतो, पण अर्ध्या सेकंदाची खोट त्यात बुडून जाते, आणि त्या अर्ध्या सेकंदात ५ मिमी थर पडून गेलेला असतो.

निकेल मिश्रधातू आणि टंगस्टन कार्बाइड एकाच हॉपरमध्ये मिसळू नका. पहिल्याची घनता घनसेंटीमीटरला ८ ते ९ ग्रॅम, दुसऱ्याची १५.६ च्या आसपास. थरथरत्या हॉपरमध्ये दोन्ही वेगळे होतात आणि थराचा कडकपणा जागोजागी बदलतो. दोन हॉपर ठेवा, मिश्रण नोझलजवळ करा. कार्बाइड खाच आणि नळ्या खातो, तेव्हा ते भाग सहज बदलता येतील असेच बसवा.

नळ्यांचं थोडक्यात: आखूड, वेटोळे नकोत, जोडांत आतून पायरी नको. फाटे फोडणारा भाग उभाच बसवा, आडवा बसला तर खालच्या फाट्यात जास्त पावडर जाते.

एका पावडरचं कॅलिब्रेशन, म्हणजे फीडरच्या कुठल्या सेटिंगला किती पावडर येते याचं मोजमाप, दुसरीला लावू नका. प्रत्येक पावडर नोझलच्या तोंडाशी मिनिटभर बाटलीत धरा, वजन करा, हेच अनेकदा करा. बाटलीला गॅस निघायला गाळणीची वाट ठेवा. टायटॅनियम किंवा अॅल्युमिनियम असेल तर हॉपर, नळ्या, बाटली सगळ्यांना अर्थिंग आधी, मग मोजणी.