वृद्धाश्रम बघायला जाताना टाचा बघा

केंद्र बघायला फोन करून जाऊ नका, आणि सकाळी अकराला तर अजिबात जाऊ नका. अकराला आंघोळी उरकलेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात, फरशीवर फिनेल फिरलेलं असतं आणि ऑफिसात तुमच्यासाठी चहा येतो. संध्याकाळी सातनंतर जा, नाहीतर रविवारी दुपारी. “आत्ता व्हिजिटिंग नाही” म्हणाले तर वाद घालू नका. मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा वेगळ्या वेळी जा आणि दारातूनच काय दिसतं ते बघा.

मी मिरजेत नोकरीभर वॉर्डात सिस्टर होते. निवृत्त झाल्यापासून ओळखीचे लोक “सिस्टर, जरा आमच्याबरोबर बघायला येता का?” म्हणून घेऊन जातात. शिवाय माझ्या थोरल्या वन्सं खुब्याचं हाड मोडल्यापासून अशाच एका केंद्रात आहेत. म्हणजे पेशंटचे नातेवाईक काय विचारायला लाजतात तेही मला ठाऊक आहे आणि स्टाफ काय सांगायचं टाळतो तेही.

पहिला प्रश्न रात्रीचा. “चोवीस तास सिस्टर आहेत ना?” असं विचारलं की उत्तर “हो” असंच येतं. त्यापेक्षा “आज रात्री ड्युटी कुणाची?” असं विचारा. नाव पटकन आलं तर ठीक. समोरचा माणूस आत डोकावून “अगं, आज कोण आहे गं?” म्हणून ओरडला तर काय समजायचं ते समजा. त्या सिस्टरचं शिक्षण विचारा. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स, एएनएम दोन वर्षांचा, आणि दोघींचीही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. पांढरा कोट कुणीही घालतं.

मावश्यांना मात्र कमी लेखू नका. चांगल्या मावशीच्या हाताला जे कळतं ते नुकत्याच पास झालेल्या पोरीला कळायला बराच काळ जातो. पेशंट उचलावा कसा, कुशीवर वळवावा कसा, हट्टी म्हाताऱ्याला आंघोळीला तयार करावं कसं, हे सगळं तिचंच काम. पण इन्शुलिन टोचणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं, नाकातली नळी घालणं ही कामंही मावशीच करत असेल तर तिथून निघा.

आता टाचा. जे तिथं आधीपासून राहतात, त्यांच्या अंगावर त्या जागेचा खरा अहवाल लिहिलेला असतो. अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजींशी दोन शब्द बोला आणि “आजी, पाय बघू का जरा?” असं त्यांनाच विचारा. विचारल्याशिवाय कुणाची चादर उचलायची नाही. टाचेवर, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लाली दिसली तर बोटानं हलकं दाबून सोडा. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून बिघडलेलं नाही. दाबूनही लाल ती लालच राहिली तर जखम आतून सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. तिथं जागा जांभळट दिसते, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते. माकडहाड आणि खुबा या जागा आणखी वाईट, पण त्या परक्यानं बघायच्या नाहीत. टाच खूप सांगते.

बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी ही जखम, टाळायचा तर ज्याला स्वतः हलता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. कॉटच्या पायथ्याशी त्याचा तक्ता लटकवलेला असतो. तो वाचा. पहाटे दोन, चार, सहा, सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच अक्षरात, एकाच तिरक्या ओळीत असतील तर त्या सकाळी चहा पिताना लिहिल्या आहेत. हवेची गादी दिसली म्हणूनही खूश होऊ नका. तिचा छोटा पंप कॉटच्या दांडीला अडकवलेला असतो. दिवा लागलाय का आणि बारीक घरघर ऐकू येते का ते बघा. पंप बंद आणि गादी चप्प, असं मी बरेचदा बघितलंय. पैसे मात्र एअर बेडचे.

वास आला म्हणून लगेच नाक मुरडून परत फिरू नका. वीस पेशंट जिथं आहेत तिथं कधीतरी वास येणारच. दहा मिनिटं बसा. कुणीतरी जाऊन बदललं आणि वास गेला तर ते चालतं घर आहे. गादीत, भिंतीत मुरलेला जुना, अमोनियाचा वास वेगळा असतो. तो फिनेलच्या वासाखालूनही येतो.

कॅथेटर असेल तर पिशवी कमरेच्या खालच्या उंचीला लटकलेली हवी, पण फरशीला टेकलेली नको. लघवी चहासारखी गडद असेल तर बहुधा पाणी कमी पडतंय. काही ठिकाणी संध्याकाळनंतर मुद्दाम पाणी कमी देतात, म्हणजे रात्री डायपर बदलायला नको. मग म्हातारा माणूस दोन दिवसांत बरळायला लागतो आणि घरच्यांना फोन जातो, “वयानं डोकं फिरलंय हो.” पाण्याचा पेला कुठं ठेवलाय ते बघाच. खिडकीत ठेवलेला पेला उठता न येणाऱ्याच्या काय कामाचा?

जेवणाच्या वेळेला थांबता आलं तर नक्की थांबा. भिंतीवरच्या मेनूत मला रस नाही. रात्रीचं जेवण किती वाजता, हे विचारा. स्वयंपाकीण लवकर घरी जाते म्हणून साडेपाचलाच ताटं वाढतात आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला पोहे. मध्ये पंधरा तास. इन्शुलिनवर असलेल्या माणसाची साखर पहाटे उतरली तर ते कळणार कुणाला? झोपताना दूध-बिस्कीट, राजगिऱ्याचा लाडू, काहीतरी देतात का आणि ग्लुकोमीटर रात्री कुणाच्या हाताशी असतो, हे स्पष्ट विचारून घ्या. नळीनं भरवत असतील तर पेशंटचं डोकं-खांदे चांगले वर उचललेले हवेत, तीस ते पंचेचाळीस अंश, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायला हवं. आडवं ठेवून भरवलं की अन्न छातीत जातं आणि न्यूमोनिया होतो.

वन्संच्या केंद्राची निवड मी एका मावशीकडे बघून केली, हे सांगितलं तर भाचे हसतील. ती एका आजोबांना भाकरी आमटीत कुस्करून भरवत होती. चमचा तोंडाजवळ नेऊन थांबायची, नजर त्यांच्या गळ्यावर. कंठ हलला, घास उतरला, की मगच पुढचा चमचा. मध्येच मोबाइल वाजला तर उचलला नाही. बिल्डिंग जुनी होती, रंग उडालेला होता. त्याच आठवड्यात बघितलेल्या एका चकचकीत ठिकाणी टाइल्स पांढऱ्याशुभ्र होत्या आणि मुलगी दोन पेशंटांना दोन हातांनी भरवत होती.

“आमचे पेशंट अजिबात त्रास देत नाहीत” असं कुणी कौतुकानं सांगितलं तर मी सावध होते. दुपारी चार-साडेचारला बघा. तेव्हाही सगळे गाढ झोपलेले, हाक मारली तर डोळे किलकिले करून पुन्हा बंद, असं असेल तर कसल्या गोळ्या चालू आहेत ते विचारा. शांत ठेवायची गोळी कधीकधी खरंच लागते, पण ती डॉक्टरांनी लिहून दिलेली हवी आणि घरच्यांना माहीत हवी. मनगटांवर पट्टी बांधल्याचे वळ दिसतात का तेही बघा.

सांगलीत आणखी एक प्रश्न विचारायचा, जो पुण्या-मुंबईची मुलं विचारत नाहीत. “२०१९ला इथं पाणी कुठपर्यंत आलं होतं?” त्या ऑगस्टच्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी चाळीस फूट, धोक्याची पंचेचाळीस. २००५ आणि २०२१लाही आपण हे बघितलंय. गावभाग, सांगलीवाडी, नदीकाठची कुठलीही जागा असो, अंथरुणावरचे पेशंट तळमजल्यावर आणि जनरेटरही तळमजल्यावर असेल तर पाणी वाढताना त्यांना कुठं नेणार, कशातून नेणार, कुणाच्या जागेत ठेवणार, हे आधीच ठरलेलं हवं. “तेव्हा बघू की” हे उत्तर मी दोन ठिकाणी ऐकलं, आणि दोन्ही यादीतून काढली. विश्रामबाग किंवा मिरजेच्या उंच बाजूला असाल तर हा प्रश्न सोडून द्या.

कागदांचं थोडक्यात सांगते. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी म्हणजे संस्था कागदावर आहे एवढंच, सेवा चांगली आहे असं नव्हे. दरमहा रकमेत काय धरलंय आणि काय वेगळं, हे लिहून घ्या. डायपर, फिजिओथेरपी, डॉक्टरांची फेरी, रुग्णवाहिका, सगळं. पेशंट दवाखान्यात हलवला तर त्या दिवसांचे पैसे कापतात का, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, हेही. डॉक्टर कोणत्या वारी येतात ते विचारून त्यांच्या हातच्या नोंदींची वही बघायला मागा.

माणूस ठेवायचं ठरलं की पहिल्याच दिवशी सिस्टरसमोर पाठ, खुबे, टाचा बघून घ्या. जुनी जखम असेल तर तिचा तारखेसकट फोटो काढा. म्हणजे “येतानाच होतं” की “इथं झालं” हा वाद राहत नाही. वजन लिहून ठेवा आणि दर महिन्याला करायला सांगा. वजन उतरायला लागलं की बाकी कुणी काहीही सांगो, काहीतरी चुकतंय. डायपरचं पाकीट तुम्ही देत असाल तर त्यावर मार्करनं तारीख टाका. दहाचं पाकीट पाच दिवस पुरलं तर हिशोब तुम्हीच करा. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र यांवर नाव चिकटवा. सोनं घरी ठेवा. आणि भेटीचा वार ठरवू नका. दर रविवारी अकराला येणाऱ्यांच्या पेशंटची दाढी दर रविवारी दहाला होते.

तक्रार असेल तर आधी प्रमुखांना लेखी द्या आणि पोच घ्या. चांगल्या केंद्रात तेवढ्यानं काम होतं. नाही झालं तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळतं. पैसे घेऊन सेवेत कसूर केली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मारहाण किंवा उपाशी ठेवल्याचा संशय आला तर थेट पोलीस. पण प्रमुखांच्या पुढं तक्रार न्यायची तर त्याआधी दुसरी जागा बघून आपला माणूस तिथून हलवा. निघताना चालू औषधांची यादी, शेवटचं वजन आणि डॉक्टरांच्या नोंदींच्या झेरॉक्स घ्या. त्या नंतर मागितल्या तर मिळायला नाकीनऊ येतात. डिपॉझिट मागायला नोटीस मागाहूनही पाठवता येते.