कॉर्डिलाइनची कांडी सडू न देता रोप कसं करावं

कॉर्डिलाइन हे कुंडीतलं शोभेचं झाड, आणि ड्रेसिना हे तसंच दिसणारं पण वेगळं झाड. आमच्याकडं लाल पानाचं काहीही असलं की त्याला ड्रेसिना म्हणून विकतात, म्हणून आधी कुंडीतून रोप जरा उचलून मुळं बघा. पांढरी असली तर कॉर्डिलाइन, पिवळी-केशरी असली तर ड्रेसिना. कॉर्डिलाइनमध्ये रुंद रंगीत पानांची ती फ्रुटिकोसा, हवाई बेटांवर हिच्याच पानात जेवण गुंडाळून शिजवतात, आणि अरुंद तलवारीसारख्या पानांची ती ऑस्ट्रॅलिस, जी मूळची न्यूझीलंडची. कांडीवरून करायला फ्रुटिकोसाच घ्या.

पाऊस लागला की जुनी उंच गेलेली फांदी कापा, 4-4 इंचाच्या कांड्या करा, शेंडा वेगळा लावा.

आता खरी गोम. मी पहिल्या वर्षी कांड्या सरळ काळ्या मातीत खोचल्या आणि कुणीतरी सांगितलं म्हणून रोज पाणी घातलं, पंधरा दिवसांनी एक दाबून बघितली तर बोटाखाली पिचकली आणि आतून तपकिरी वास मारणारं पाणी आलं, सगळ्या गेल्या. काळी माती पाणी धरून बसते, कांडीला मुळं नसतात, ती पाणी पिणार कशानं? म्हणून अर्धी धुतलेली वाळू अन् अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), माती अजिबात नको. कापलेली तोंडं एक दिवस सावलीत सुकू द्या. आणि कांडी उभी खोचू नका, आडवी ठेवा, अर्धी आत अर्धी वर. उभी लावताना उलटी गेली तर ती फुटतच नाही, आडवीला हा प्रश्नच नाही, जुन्या पानांच्या वळ्यांपाशी जे डोळे असतात तिथून कोंब येतो. बोट घालून आत कोरडं लागलं तरच पाणी. मुळं आली का म्हणून उपटून बघायचं नाही म्हणजे नाही, कोवळी मुळं तिथंच तुटतात. कोंबाला 3-4 पानं आली की मगच कुंडीत हलवा.

पाणी पावसाचं साठवलेलं द्या. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड हिला सोसत नाहीत, "पानांची टोकं जळायलेत" म्हणून मला जे विचारतात त्यातले बरेच जण आरओचं वाया जाणारं पाणी कुंडीत ओततात, त्यात तर क्षार अजून दाट असतात, ते फरशी पुसायला वापरा.

मार्च लागला की कुंडी सकाळचंच ऊन येईल अशा भिंतीला न्या, आपल्याकडच्या दुपारच्या उन्हानं पानावर जे पांढरे चट्टे पडतात ते परत भरून येत नाहीत.