खुब्याचा स्नायू ताणला गेल्यावर करायचे व्यायाम

खुब्याचे अस्थिबंध (हाडांना हाडे जोडणारे पट्टे) फार भक्कम असतात, त्यामुळे सांधा खरोखर मुरगळण्याचे प्रमाण कमी. बहुतेकदा ताणला जातो तो जांघेतला किंवा खुब्याच्या पुढचा स्नायू. पायावर भार देता येत नसेल, पाय आखूड वा बाहेर वळलेला दिसत असेल, मोठा काळानिळा डाग पडला असेल किंवा ताप, बधिरपणा असेल, तर व्यायाम नको, आधी डॉक्टर. वयस्कर माणूस पडला असेल तर तो चालतोय म्हणून निर्धास्त राहू नका. मांडीच्या हाडाला तडा गेलेला असू शकतो.

पहिले 2-3 दिवस. कापडात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटे, दिवसातून 3-4 वेळा. लंगडावे लागत असेल तर काठी घ्या, पण दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात. गरम शेक आणि मालिश सध्या नको. सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘मोकळे होईल’ म्हणून पाय ताणणे. त्याने जुळू लागलेले तंतू पुन्हा उसवतात.

मग हालचाल न करता जोर. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, मध्ये उशी ठेवा आणि 5 सेकंद दाबा. असे 10 वेळा, दिवसातून दोनदा. सुरुवात अर्ध्या जोराने करा आणि श्वास रोखू नका. पुढची बाजू दुखत असेल तर खुर्चीत बसून गुडघा वर ढकला आणि तळहाताने तो तिथेच अडवा. दुखणे 10 पैकी 3 पर्यंत चालेल. दुसऱ्या सकाळी ते वाढलेले वाटले तर कालचा जोर जास्त झाला; तो कमी करा, व्यायाम बंद करू नका.

उशी जोरात दाबूनही दुखत नसेल तर दुखऱ्या कुशीवर झोपा. वरचा पाय वाकवून पुढे टेकवा, खालचा सरळ ठेवून वीतभर उचला आणि 3 सेकंद घेत खाली आणा. 10 वेळा, 2-3 फेऱ्या, एक दिवसाआड. स्नायूला खरे बळ या सावकाश खाली आणण्यातूनच येते, आणि घाई नेमकी तिथेच होते. जोडीला पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणे: तेही 10 वेळा.

ताण देण्याची पाळी आत्ता येते. दुखऱ्या बाजूचा गुडघा जमिनीवर टेका, दुसरे पाऊल पुढे ठेवा, नितंब आवळा आणि 30 सेकंद किंचित पुढे झुका. असे 3 वेळा. कमरेत बाक आला तर ताण खुब्याऐवजी पाठीवर जातो.

हलकी दुखापत साधारण 2-3 आठवड्यांत, अर्धवट फाटलेला स्नायू 4-8 आठवड्यांत सावरतो. पण दुखणे आधी थांबते, ताकद नंतर येते. म्हणून वरचे सगळे दोन्ही बाजूंनी सारखे जमू लागल्यावरच भरभर चालणे, मग सरळ धावणे. अचानक वळणे आणि जोरात लाथ मारणे सर्वांत शेवटी.