सेझमध्ये काजू कारखाना काढताय? तुकड्याचं शुल्क आधी मोजा, या चुका टाळा

आफ्रिकेतून काजू बी आणायची, उरणजवळ जेएनपीएच्या (जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाच्या) सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, फोडायची आणि गर न्हावा शेवाहून परदेशी रवाना करायचे. आयातीवर शुल्क नाही, बंदर दाराशी. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हे फार देखणं दिसतं. पण सीमाशुल्काच्या दृष्टीने सेझ भारताबाहेर मोडतो, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला नेमका याचाच विसर पडतो.

तुकडा देशात विकू, हे गृहीत धरणं

सगळ्यात महाग चूक हीच. आउटर्न ४८ धरा, म्हणजे ८० किलोच्या गोणीमागे ४८ पौंड गर. टनभर बीला साधारण २७२ किलो गर झाले. त्यात चौथा हिस्सा पाकळी-तुकडा, म्हणजे दुभंगलेला आणि फुटलेला गर, निघाला, तर ६८ किलो. परदेशातलं गिऱ्हाईक डब्ल्यू-३२० ही अख्ख्या गराची प्रत मागतं, तुकड्याला मात्र आपल्या मिठाईवाल्यांकडे कायम मागणी. मग मालक म्हणतो, तुकडा वाशीच्या बाजारात देऊन टाकू.

सेझ कायद्याच्या कलम ३० प्रमाणे सेझमधून देशात विकलेला माल आयात केल्यासारखाच धरला जातो, आणि शुल्क लागतं ते बाहेर पडणाऱ्या वस्तूच्या दराने. आत आलेल्या बीचा दर इथे कामाचा नाही. बीवरचं मूळ सीमाशुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ वरून २.५ टक्क्यांवर आलं. काजूगरावरचं २०१९ मध्ये ४५ वरून ७० टक्क्यांवर गेलं. आता हिशेबापुरता तुकडा ५०० रुपये किलो धरा: ६८ किलोचे ३४,००० रुपये, त्यावर ७० टक्के म्हणजे २३,८०० रुपये. टनभर बी १,२०,००० रुपयांची असेल, तर तिच्यावर वाचलेलं शुल्क ३,००० रुपये. बाकीचे कर निराळेच.

म्हणून जागा घेण्याआधी तुकड्याला परदेशी खरेदीदार मिळतो का ते पाहा, आणि त्या दिवशी लागू असलेले दर तपासून हाच हिशेब पुन्हा मांडा. तुकडा देशातच खपवायचा असेल तर माझ्या मते सेझच्या वाटेला जाऊ नये. एमआयडीसीत शेड घेऊन अडीच टक्के भरलेले बरे.

टरफलाचंही तसंच. टरफलाचं तेल काढणाऱ्याचा ट्रक ते घेऊन गेटबाहेर पडला की ती देशातली विक्री. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं सीमाशुल्क विवरण, खरेदीदाराने भरायचं असतं, किंवा त्याने अधिकार दिला तर युनिटने, म्हणजे सेझमधल्या कारखान्याने. छोट्या व्यापाऱ्याला हे ऐनवेळी सांगाल तर तो पाठ फिरवतो आणि टरफलाचे ढीग तुमच्या अंगणात साचतात.

वजन का घटलं, याची नोंद नसणं

१० टक्के ओलाव्याची टनभर बी वाळून ८ टक्क्यांवर आली की ९७८ किलो भरते. २२ किलो कुठे गेले? हवेत. पण रजिस्टरमध्ये ओलाव्याचा आकडाच नसेल, तर शुल्कमुक्त माल कुठे गेला याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. पुढे बोर्म्यात (वाळवणीच्या भट्टीत) गर वाळतो, साल निघते, तेव्हाही वजन उतरतं. प्रत्येक लॉटचा ओलावा कंटेनर उघडताना, वाळवल्यावर आणि बोर्म्यातून काढल्यावर लिहा. वर्षअखेरीस सरासरी काढून आकडे बसवणारे हिशेबनीस असतात. एका खराब लॉटला ती सरासरी उघडी पडते. कीड लागलेला माल परस्पर जाळू नका, आधी सीमाशुल्क अधिकाऱ्याला लेखी कळवा.

सोलायला माल बाहेर देणं

कोकणात काजूगर सोलण्याचं काम बायका पूर्वापार हाताने करत आल्या आहेत, त्यामुळे गर्दीच्या दिवसांत पोती बाहेर पाठवायचा मोह होतो. सेझमधून हे चालतं, पण आधी परवानगी घेऊन, आणि माल मुदतीत परत आणून. नुसत्या डिलिव्हरी चलनावर गेलेलं पोतं म्हणजे शुल्क न भरता बाहेर गेलेला माल.

इतर चुका

शुल्क माफ आहे म्हणजे प्लांट क्वारंटाइन, म्हणजे आयात शेतमालाची कीड-रोग तपासणी, तीही माफ, असं नाही. निघालेल्या देशाचं फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र नसेल तर कंटेनर अडकतो.

सेझ युनिटची पाच वर्षांची निव्वळ परकीय चलन कमाई शून्याच्या वर लागते. ती मोजताना आयात बी तर वजा होतेच, पण व्हिएतनामहून आणलेल्या कटिंग मशीनच्या किमतीचा दहावा हिस्साही दरवर्षी वजा होतो, हे बरेच जण धरत नाहीत.

जुन्या माहितीपत्रकांत आयकराची सूट अजून छापलेली दिसते. ३१ मार्च २०२० नंतर मंजुरीपत्र मिळालेल्या नव्या युनिटला आयकर कायद्याच्या कलम १०एए ची ती सूट नाही. बँकेला दिलेल्या प्रोजेक्शनमध्ये ती धरली असेल तर आजच काढा.