आयल्ट्सचं स्पीकिंग जवळ आलंय? कॅन, कुड, शुडची तयारी आधी उरका

आयल्ट्स म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा, आणि स्पीकिंग हा तिचा बोलण्याचा भाग. त्या स्पीकिंगच्या तारखेला आठवडाभर राहिला असेल तर नवीन शब्दांच्या याद्या आता बाजूला ठेवा, त्या काय आठवड्यात तोंडात बसत नाहीत, त्यापेक्षा वाक्यातलं वाक्य तेवढं नीट करून जा. आय डोन्ट नो, कॅन यू टेल मी, ही सेड असं काहीतरी बोलतो आपण आणि त्याच्या मागं दुसरं छोटं वाक्य जोडतो, तेच सबऑर्डिनेट क्लॉज. त्यात कॅन, कुड, शुड, विल (यांना मॉडल म्हणतात) यातलं काही आलं की आपली पोरं हमखास घसरतात. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत कोपऱ्याकोपऱ्यावर क्लासच्या पाट्या आहेत, सगळीकडं भारी भारी इडियम पाठ करून घेतात आणि हे मात्र ‘येतंय की तुम्हाला’ म्हणून सोडून देतात.

तर पहिलं काम, एक वही घ्या आणि प्रश्नाची वाक्यं डावीकडं लिहा. व्हेअर कॅन आय गेट द फॉर्म? उजवीकडं तेच आय डोन्ट नो लावून लिहा: आय डोन्ट नो व्हेअर आय कॅन गेट द फॉर्म. कॅन आणि आय यांची जागा बदलली, बास, एवढंच बघायचंय. प्रश्न सुटा असेल तर कॅन आधी, आणि दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की आधी माणूस, मग कॅन. आपल्याला हे अवघड जातं त्याचं कारण साधं आहे, मराठीत काही हलतच नाही. ‘फॉर्म कुठं मिळेल?’ हा प्रश्न आणि ‘फॉर्म कुठं मिळेल माहीत नाही’ यात पहिले तीन शब्द जसेच्या तसे, त्यामुळं इंग्रजीतपण आपण आख्खा प्रश्न उचलतो आणि आहे तसा चिकटवतो. व्हाय कान्ट आय चं पण तेच, आय डोन्ट अंडरस्टँड व्हाय आय कान्ट असं पाहिजे. फक्त हू किंवा व्हॉट स्वतःच सब्जेक्ट असेल तर काही हलवू नका, हू कॅन हेल्प मी आणि आय डोन्ट नो हू कॅन हेल्प मी, दोन्हीकडं सारखंच. काही पोरं नियम कळल्याच्या जोशात तिथंपण उलटापालट करतात.

हो किंवा नाही असं उत्तर असणारे प्रश्न असतील तर व्हेदर किंवा इफ तयार ठेवा. शी आस्क्ड व्हेदर आय कुड कम. ‘शी आस्क्ड कॅन आय कम’ गप्पांत चालून जाईल, पण परीक्षेत कशाला रिस्क घ्यायची.

परीक्षेत लगेच कामाला येणारं वाक्य म्हणजे प्रश्न कळला नाही तेव्हाचं, ते आरशासमोर दहा वेळा म्हणा: कुड यू टेल मी व्हॉट दॅट मीन्स? ‘व्हॉट डझ दॅट मीन’ नाही. गंमत बघा, बाहेरच्या वाक्यात कुड आधी आलंय कारण तो खरा प्रश्न आहे, आतलं मात्र सरळ. आणि विचारायला लाजू नका, न कळता भलतंच बोलत बसण्यापेक्षा ते बरं.

आता पार्ट टूची तयारी, म्हणजे दिलेल्या विषयावर एकट्यानं बोलायचा भाग. एक मिनिट तयारीला मिळतं, मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं, सगळं स्पीकिंग मिळून ११ ते १४ मिनिटांत उरकतं. कागद-पेन्सिल देतात, त्यावर मुद्दे लिहा, पूर्ण वाक्यं लिहायला जाल तर मिनिट संपेल. विषय घरचाच धरा. अवघड प्रसंग सांगा असं आलं तर सांगलीकराला लांब जायला नको, ऑगस्ट २०१९ चा महापूर आहेच, आणि तो सांगताना ही सगळी वाक्यं आपोआप येतात. नोबडी कुड टेल अस व्हेन द वॉटर वुड गो डाऊन. वी डिडन्ट नो व्हेदर वी वुड बी एबल टू लीव्ह. इथं एक थांबा आहे, वुड आणि कुड एकत्र येत नाहीत, दोन मॉडल शेजारी बसत नाहीत, म्हणून वुड बी एबल टू. ‘विल कॅन’ म्हणणारे तर लई सापडतील. वाक्यं पाठ करू नका हां, पाठांतर एक्झामिनरच्या लगेच लक्षात येतं. पूर आजी-आजोबांच्या बाजूनं सांगा, दुकानदाराच्या बाजूनं सांगा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त आतल्या वाक्याकडं कान द्या.

त्याच पुराचं इफचं वाक्य करून बघा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्यावर पाणी गेलं तर लोकांना हलावं लागेल. इफ द वॉटर राइजेस अबव्ह फॉर्टी-फाइव्ह फीट, पीपल विल हॅव टू मूव्ह. पुढची गोष्ट असली तरी इफच्या बाजूला विल नाही, ते दुसऱ्या बाजूला. व्हेनचंपण असंच, व्हेन द वॉटर गोज डाऊन. पण आय डोन्ट नो व्हेन इट विल गो डाऊन यात विल चालतं, कारण ते व्हेन प्रश्नातलं आहे, ‘जेव्हा’ वालं नाही. हा फरक दोन-तीन वेळा लिहून बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही, तेव्हा घाई करू नका.

ही सेड आलं की सर्वनाम बघा. आपण बिनधास्त म्हणतो ‘तो म्हणाला की मी येऊ शकत नाही’, आणि हा ‘मी’ कोण ते सगळ्यांना कळतं. इंग्रजीत ‘ही सेड दॅट आय कान्ट कम’ म्हटलात तर न येणारे तुम्ही झालात. ही सेड ही कुडन्ट कम. कॅनचं कुड, विलचं वुड, मेचं माइट होतं. शुड, कुड, वुड, माइट आहेत तसेच राहतात. मस्ट सक्तीचा असेल तर बहुतेकदा हॅड टू.

बँड, म्हणजे आयल्ट्सचे गुण, सात-साडेसात पाहिजे असेल तर मॉडल माणसाच्या आधी, उलटं घालायच्या जागा पण बघून ठेवा, नाहीतर एवढं वाचून झाल्यावर कुठंतरी शुड यू नीड एनी हेल्प लिहिलेलं दिसेल आणि हे चुकलंय असं वाटेल. ते बरोबर आहे. इफ काढला की शुड पुढं येतो, पण हे कॅन किंवा विलला लागू नाही. आणि ओन्ली व्हेन द वॉटर वेंट डाऊन कुड वी ओपन द शॉप यात व्हेनचा तुकडा सरळ आणि मुख्य वाक्य उलटं, पोरं बरोब्बर विरुद्ध करतात. हे रायटिंगला ठेवा, बोलताना ओढूनताणून घालू नका.

जर्मनीला जायचं म्हणून जर्मन पण शिकताय त्यांनी तर दोन वह्या करा, कारण तिकडं सबऑर्डिनेट क्लॉजमध्ये मॉडल पार शेवटाला जातो, वाइल इश कोमेन कान (कारण मी येऊ शकतो), म्हणजे जवळजवळ आपल्या ‘येऊ शकतो’ सारखंच. सकाळी जर्मन आणि संध्याकाळी इंग्रजी केलं की डोक्याची खिचडी होते.

आदल्या दिवशी नवीन काही उघडू नका. डाव्या-उजव्या रकान्यातली वाक्यं एकदा मोठ्यानं म्हणा, बुकिंगला दिलेला पासपोर्टच ओरिजिनल बॅगेत टाका, झेरॉक्स चालत नाही. सेंटर पुण्याचं असेल तर मिरजेहून आदल्या दिवशीच निघा, पहाटेच्या गाडीच्या भरवशावर राहू नका.