‘४२८: शिबुया स्क्रॅम्बल’ हा व्हिडिओ गेम कसा खेळावा

टोकियोतील शिबुया या गजबजलेल्या भागात, २८ एप्रिल या एकाच दिवशी सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत घडणारी ही गोष्ट चुनसॉफ्ट या कंपनीने २००८ साली जपानमध्ये वी या गेम कन्सोलवर आणली. इंग्रजी आवृत्ती २०१८ साली प्लेस्टेशन ४ आणि संगणकासाठी आली. या व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये, म्हणजे चित्रांसोबत कादंबरीसारख्या वाचायच्या खेळात, जवळजवळ सर्वत्र खऱ्या कलाकारांची छायाचित्रे आहेत. त्यांवर उमटणारा मजकूर वाचणे आणि मोक्याच्या ठिकाणी निर्णय घेणे, एवढाच हा खेळ असल्याने निवांत वेळ असेल तेव्हाच तो सुरू करावा.

गोष्ट पाच जणांची आहे: तरुण पोलीस कानो, टोळी सोडून आता रस्त्यांवरचा कचरा उचलणारा आची, विषाणूतज्ज्ञ ओसावा, तडफदार पत्रकार मिनोरिकावा आणि मांजराच्या पोशाखात वावरणारी तामा. खेळ तासातासाच्या भागांत विभागलेला असून पाचही जणांचा तो तास पार पडल्याशिवाय पुढचा उघडत नाही. म्हणून एकालाच धरून पुढे धावू नये. आलटूनपालटून सर्वांना घड्याळाच्या साधारण एकाच वेळेवर ठेवावे.

वाचता वाचता ‘कीप आउट’ अशी आडवी पट्टी येते आणि त्या पात्राची वाट बंद होते. अशा वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी मजकुरात लाल अक्षरांतला शब्द शोधावा, कारण तिथूनच उडी मारून अडलेल्या पात्राकडे जाता येते. निळ्या शब्दांमागे टिपा असतात. त्याही वाचाव्यात, कारण शिबुयाची खरी ओळख त्यांतून होते.

नवखा खेळाडू सर्वाधिक अडखळतो तो वाईट शेवटांपाशी, म्हणजे चुकीच्या निर्णयामुळे गोष्ट मध्येच संपते तिथे. सुरुवातीलाच हाचिको या कुत्र्याच्या पुतळ्यापाशी हितोमी नावाची तरुणी खंडणीची बॅग घेऊन उभी असते. कानो तिच्यावर लांबून नजर ठेवून असतो आणि त्याच परिसरात आचीही असतो. अशा जागी कानोची गोष्ट अचानक संपली, तर त्याचेच निर्णय पुन्हा पुन्हा बदलून पाहण्यात वेळ घालवू नये, कारण मूळ पुष्कळदा दुसऱ्याच्या निर्णयात असते. आधी खेळ देतो तो इशारा नीट वाचावा, मग गोष्ट किती वाजता तुटली ते पाहावे आणि त्याआधीच्या काही मिनिटांत त्याच जागेजवळ आणखी कोण होते, हे खेळातल्या वेळापत्रकात तपासावे. त्या व्यक्तीचा निर्णय बदलला की बहुधा वाट मोकळी होते. वाचलेला मजकूर भराभर पुढे सरकवता येत असल्याने मागे जाण्याचा कंटाळा करू नये.

वाईट शेवट टाळण्याची धडपडही करू नये. ते मन लावून लिहिलेले आहेत आणि काही तर मूळ कथेइतकेच रंगतात. इंटरनेटवरची तयार उत्तरे मात्र इशारा वाचून आणि पाचही जणांचा तो तास पुन्हा तपासूनही वाट सापडली नाही, तरच उघडावीत.