थंड इंजिन थरथरते तेव्हा: निदानातील या चुका टाळा

निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबरच्या पहाटे गाडी सुरू केली की पहिली दोन-तीन मिनिटे इंजिन थरथरते, हादरे स्टिअरिंगपर्यंत येतात, एखादे वेळी इंजिन बंदही पडते; आणि एकदा गरम झाले की सगळे सुरळीत. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘थंडीत मिसिंग मारते’, म्हणजे सिलिंडरमधले ज्वलनाचे ठोके अधूनमधून चुकतात. इथे विचार केवळ इंधन-इंजेक्शन असलेल्या पेट्रोल आणि पेट्रोलवर सुरू होणाऱ्या सीएनजी गाड्यांचा आहे. थंड इंजिन सुरुवातीला मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांवर चालून हळूहळू ७००-८०० वर उतरणे हा दोष नव्हे. फेऱ्या वरखाली होणे आणि ठोके चुकणे हा दोष आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे गाडी चालवत गॅरेजमध्ये नेऊन लगेच तपासायला देणे. इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे तोवर ईसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) ठरावीक कोष्टकाप्रमाणेच इंधन सोडते. सेन्सर जागा झाला की तेच ईसीयू हवा-इंधनाच्या मिश्रणातली कमतरता स्वतःच भरून काढते आणि मूळ दोष झाकला जातो. इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) गास्केटची फट तर कधी कधी धातू प्रसरण पावल्यावर आपोआप मिटते. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवावी आणि सकाळी पहिल्यांदा मेकॅनिकच्या समोरच सुरू करावी. एवढा एक आग्रह धरला तरी पुष्कळ पैसे वाचतात.

दुसरी चूक म्हणजे अंदाजाने ठिणगी देणारे प्लग, त्यांना वीज पुरवणारी कॉइल, इंधन फवारणारे इंजेक्टर एकापाठोपाठ एक बदलत जाणे. माझ्या जुन्या गाडीला एका गॅरेजने चारही प्लग आणि दोन कॉइल नवे बसवले, पण थरथर तशीच राहिली. खरा दोष कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमान सेन्सरच्या गंजलेल्या जोडणीत होता. हा सेन्सर तपासणे अगदी सोपे आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची किल्ली फक्त ‘ऑन’ करून स्कॅनरवर (ईसीयूतील माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही आकडे बाहेरच्या तापमानाच्या आसपास हवेत. बाहेर १० अंश असताना कूलंट ६० अंश दिसत असेल, तर ईसीयू इंजिन गरम समजून इंधन कमी सोडते आणि ठोके चुकतात. उलट उणे ३०-४० दिसत असेल, तर इंधन जास्त पडून काळा धूर येतो आणि प्लग काजळतात. कॉइलबद्दल शंका असेल, तर ती शेजारच्या सिलिंडरवर बदलून लावावी. स्कॅनरवर पहिल्या सिलिंडरचे ठोके चुकल्याचा पी ०३०१ हा कोड बदलून दुसऱ्या सिलिंडरचा पी ०३०२ झाला, तर कॉइलच दोषी.

कोड वाचण्याआधी बॅटरीची तार काढणे ही घाई अनेकांना नडते. तार काढल्याने नोंदलेले कोड आणि दोष घडला त्या क्षणीचे तापमान, दोन्ही पुसले जाते. इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीवरची काजळी साफ करणे योग्यच आहे, मात्र इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने जोरात ढकलू नये, आणि साफसफाईनंतर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) पुन्हा शिकवावे लागते. हवेची गळती शोधायला क्लीनरचा फवारा तापलेल्या सायलेन्सरजवळ मारणे धोक्याचे आहे, कारण तो पेट घेतो.

सीएनजी गाड्यांच्या मालकांची चूक निराळी असते. बहुतेक सीएनजी गाड्या थंडीत पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन थोडे तापल्यावर गॅसवर जातात. तेव्हा फक्त सकाळी जाणवणारी थरथर ही बहुधा पेट्रोलच्या बाजूची असते आणि सीएनजी किटशी खटपट करून काही हाती लागत नाही. महिनोन्‌महिने टाकीत तळाशी राहिलेले शिळे पेट्रोल आणि क्वचित वापरले जाणारे इंजेक्टर आधी तपासावेत. आठवड्यातून काही किलोमीटर गाडी मुद्दाम पेट्रोलवर चालवावी.

कूलंटची पातळी मात्र कधीही दुर्लक्षू नये. रात्रीतून हेड गास्केटमधून (सिलिंडरांवरच्या झाकणाखालच्या सीलमधून) थोडे कूलंट सिलिंडरमध्ये झिरपले, तर सकाळी एकच सिलिंडर मिसिंग मारतो, गोडसर वासाचा पांढरा धूर निघतो आणि मिनिटभरात सगळे थांबते. थंडीत थोडी वाफ साहजिक असते, पण कूलंटच्या टाकीतली पातळीही उतरत असेल, तर गाडी चालवणे थांबवून कूलिंग यंत्रणेची दाब-चाचणी करून घ्यावी, आणि रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे.